झाकण उघडायचं नाही

काका : म्हणजे यात काहीच बिघाड नाही, असं तुझं म्हणणं आहे.

मेकॅनिक : माझं नाही काका, कुकरचं म्हणणं आहे. काल दुकान उघडल्या उघडल्या मी यात चार बटाटे घालून लावला. संध्याकाळी ते इतके मऊ झाले की शेजारचा शिंपी म्हणाला, हे खायला दात लागत नाहीत. त्याला दात नाहीतच, त्यामुळे त्याचं मत धरायला हरकत नाही.

काका : माझ्याकडे साडेनऊ तासांनी गाजर कच्चं होतं. मी सुरीने तपासलं. सुरी आत जाईना.

मेकॅनिक : तुम्ही हा स्लो कुकर तिसऱ्यांदा आणलाय. पहिल्यांदा मी वायर बदलली. दुसऱ्यांदा तुमच्या समाधानासाठी स्विच बदलला. आता याच्यात जुनं असं फक्त नाव उरलंय.

काका : मग गाजराचं काय?

मेकॅनिक : तेच विचारते. सकाळी लावल्यापासून काय काय केलंत, पहिल्यापासून सांगा.

काका : सांगायची गरज नाही. नोंदवही आणली आहे.

मेकॅनिक : कसली?

काका : कुकरची. चौतीस वर्षं आगीच्या बंबावर काढली. घटना घडली की नोंद करायची, ही सवय आहे. वाच.

मेकॅनिक : “आठ चाळीस. कुकर चालू. आठ पन्नास. झाकण उघडलं. परिस्थिती नियंत्रणात. नऊ. झाकण उघडलं. परिस्थिती नियंत्रणात. नऊ दहा. झाकण उघडलं. वाफ दिसली. रंग पांढरा.” काका, वाफेचा रंग का लिहिलाय?

काका : धुराचा रंग नेहमी लिहायचा असतो. रंगावरून आत काय जळतंय ते कळतं.

मेकॅनिक : आणि इथे काय जळत होतं?

काका : काही नाही. म्हणून पांढरा.

मेकॅनिक : “अकरा दहा ते अकरा पंचवीस, कुकर बंद.”

काका : आंघोळ.

मेकॅनिक : “दोन ते साडेतीन, कुकर बंद.”

काका : झोप. जेवलं की डोळा लागतो.

मेकॅनिक : जेवलात काय? जेवण तर यात होतं.

काका : पाव.

मेकॅनिक : रोज?

काका : हा नीट चालायला लागेपर्यंत.

मेकॅनिक : थांबा, मला मोजू द्या. काका, तुम्ही दिवसभरात सत्तेचाळीस वेळा झाकण उघडलंय.

काका : दर दहा मिनिटांनी. एकही फेरी चुकवली नाही.

मेकॅनिक : तीच तर पंचाईत आहे. याच्यात आच अशी नसतेच. अंग कोमट असलेल्या माणसासारखा हा हळूहळू तापतो, आणि जी वाफ आत धरून ठेवतो तिच्यावर सगळं शिजवतो. झाकण उघडलं की ती वाफ गेली. पुन्हा होता त्या जागी यायला याला वीस मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. तुम्ही दहा मिनिटांनी पुन्हा हजर. हिशेबाने तुमचा कुकर साडेनऊ तास चालून सहा तास मागे गेलाय. ते गाजर कच्चं नाही काका, ते अजून शेतात आहे.

काका : न उघडता आत काय चाललंय ते कसं कळणार?

मेकॅनिक : कळणार नाही. कळायचं नसतं.

काका : हे मला चालणार नाही.

मेकॅनिक : आणि प्लग काढून आंघोळीला का जाता?

काका : चालू असलेली वस्तू एकटी सोडायची नाही. नोकरीभर हेच सांगत फिरलो. शाळांतून सांगितलं, गिरण्यांतून सांगितलं. एका लग्नात मांडवभर लोकांना उभं करून सांगितलं.

मेकॅनिक : कोणाच्या लग्नात?

काका : माझ्या.

मेकॅनिक : काकू काय म्हणाल्या?

काका : ती म्हणाली, आता बसा. शेवटपर्यंत तेवढंच म्हणत राहिली. पाच वर्षं झाली जाऊन.

मेकॅनिक : बसा, चहा सांगते. आणि पाणी किती घालता यात?

काका : काठोकाठ.

मेकॅनिक : का?

काका : माझ्या अख्ख्या अनुभवात पाणी जास्त झालं म्हणून कोणाचं नुकसान झालेलं नाही.

मेकॅनिक : ज्यांचं घर भिजलं त्यांना विचारा कधीतरी. याच्यातलं पाणी आटत नाही हो. घालाल तेवढं राहतं, वर मटणाचं, कांद्याचं सुटतं ते वेगळं. तुमचे बटाटे शिजत नव्हते, पोहत होते.

काका : चव नव्हती खरी. मला वाटलं, वयामुळे.

मेकॅनिक : वयाला प्रत्येक गोष्टीत गोवू नका. बरं, एवढी घाई कशाची आहे? दोन आठवड्यांत तुमची ही तिसरी खेप. नवीन घेऊन टाका म्हटलं तर तोंड फिरवलंत.

काका : रविवारी मुलगी येतेय.

मेकॅनिक : जेवायला?

काका : न्यायला.

मेकॅनिक : कुठे?

काका : तिच्या घरी. कायमचं. तिने खोली रिकामी केली आहे. परवा फोनवर विचारत होती, बाबा, पडदे कोणत्या रंगाचे लावू. मी म्हटलं, लावूच नकोस. पडदा वेगाने पेट घेतो.

मेकॅनिक : आणि तुम्हाला जायचं नाही.

काका : माझं घर आहे. जिना माझ्या पायांना पाठ आहे. तिथे जाऊन मी काय करू? त्यांच्या घरात सगळं आपोआप बंद होतं. दिवेसुद्धा. माणूस खोलीत शिरला की लागतात, बाहेर पडला की विझतात. मला करायला काही शिल्लकच नाही.

मेकॅनिक : मग तिला सांगा तसं.

काका : सांगण्याचा हक्क मी घालवलाय. आठ महिन्यांपूर्वी माझ्या घरात आग लागली.

मेकॅनिक : तुमच्या?

काका : माझ्या. गॅसवर दूध ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरून कसलासा वास आला म्हणून वर गेलो. तिथल्या बाईंची गॅसची नळी जुनी झाली होती. त्यांना नळीचं महत्त्व सांगितलं.

मेकॅनिक : किती वेळ?

काका : चाळीस मिनिटं.

मेकॅनिक : आणि खाली दूध.

काका : दूध पहिल्या दहा मिनिटांत संपलं असणार. मग पातेलं, मग शेजारचं फडकं, मग खिडकीचा पडदा. बंब आला तो माझ्याच केंद्रावरचा. मी शिकवलेली पोरं. सहा मिनिटांत आली.

मेकॅनिक : तुम्ही वेळ मोजलीत?

काका : जिन्यात उभा राहून. सहा मिनिटं ही चांगली वेळ आहे. त्यांनी आधी मला सॅल्यूट केला, मग आत जाऊन माझं पातेलं विझवलं.

मेकॅनिक : रागावले नाहीत ना?

काका : छे. उलट रिपोर्टात माझं नाव टाकलं नाही. “घरातील एका वयस्कर व्यक्तीच्या विस्मरणामुळे” असं लिहिलं. मान राखला माझा. नाव टाकलं असतं तर बरं वाटलं असतं.

मेकॅनिक : घ्या, चहा आला.

काका : मुलगी दुसऱ्या दिवशी आली. गॅस बंद करून टाकी परत देऊन टाकली. मग सात महिने खानावळीचा डबा, आणि मागच्या महिन्यात त्याऐवजी हा कुकर पाठवला. म्हणाली, बाबा, यात ज्वाळा नाही, तुम्हाला धोका नाही. महिनाभर यात स्वतःचं नीट शिजवून खाल्लंत तर राहा तिथे, मी एक शब्द बोलणार नाही. महिना रविवारी भरतो.

मेकॅनिक : आणि महिनाभर तुम्ही पाव खाल्लाय.

काका : सत्तावीस दिवसांतले चोवीस. तीन दिवस शेजाऱ्यांनी डबा दिला.

मेकॅनिक : असं करू. रविवारी सकाळी तुम्ही सामान घेऊन इथे या. मटण, कांदा, गाजर, बटाटे. ती कोपऱ्यात विजेची शेगडी दिसतेय ना? दुरुस्तीला आली, मालक न्यायला विसरला, आता आमच्या घरातलीच झाली आहे. तिच्यावर कांदा आणि मटण आधी लालसर परतून देते. ते केलं नाही तर यात सगळ्याला दवाखान्यातल्या जेवणाची चव येते. मग घरी जाऊन भरायचं. गाजर-बटाटे तळाला आणि कडेला, कारण ऊब तिथे जास्त आणि कडक भाज्यांना वेळ लागतो. वर मटण. पाणी मटणाच्या गुडघ्यापर्यंत.

काका : मटणाला गुडघा?

मेकॅनिक : असतो एखाद्या तुकड्यात. भांडं पाऊण भरलं की बस. झाकण ठेवायचं, बटण ‘मंद’वर लावायचं, आणि घराबाहेर पडायचं.

काका : नाही.

मेकॅनिक : नऊला लावलात तर पाचला तयार. तोपर्यंत तुम्ही इथे.

काका : तुला कळतंय का तू काय सांगतेस? मी. घर बंद करून. आत चालू वस्तू ठेवून.

मेकॅनिक : मी येऊन प्लग बघते, वायर बघते. ओट्यावर आजूबाजूला हातभर जागा मोकळी ठेवू. पडदा, फडकं, कागद काही नाही. तुम्हीच पाहणी करा, तुम्हीच सही करा.

काका : सही कशावर?

मेकॅनिक : नोंदवहीत. त्यानंतर वही मात्र माझ्याकडे.

(रविवार, दुपारचे बारा. दुकान. काका स्टुलावर, घड्याळाकडे तोंड करून.)

काका : तीन तास झाले.

मेकॅनिक : दोन तास पंचावन्न मिनिटं. स्टुल फिरवून बसा. माझ्या घड्याळालासुद्धा अवघडल्यासारखं झालंय.

काका : तुझ्या दुकानात चौदा धोके आहेत.

मेकॅनिक : मघाशी अकरा होते.

काका : तू खुर्चीवर चढलीस तेव्हा तीन वाढले.

मेकॅनिक : त्या इस्त्रीवाल्या बाईंना काय सांगत होता एवढं? मी मागे होते.

काका : त्यांची वायर बुडाशी चिरली होती. त्या म्हणाल्या, चिकटपट्टी लावून द्या. मी म्हटलं, बाई, चिकटपट्टी पाकिटाला लावतात. मग वायरचं कसं असतं ते सांगितलं.

मेकॅनिक : चाळीस मिनिटं?

काका : सहा. त्यांनी घरच्या सगळ्या वायरी उद्या घेऊन येते म्हणून सांगितलंय.

मेकॅनिक : मी रोज पंधरा माणसांना हेच सांगते. तेव्हा कोणी ऐकत नाही. तुमच्या मिशांचा प्रभाव दिसतोय.

काका : मी जरा घरी जाऊन येतो.

मेकॅनिक : ही पाचवी वेळ.

काका : आत जाणार नाही. दारातून वास घेतो आणि परत येतो.

मेकॅनिक : वास घ्यायला परवानगी आहे. किल्ली इथे ठेवा.

काका : माझ्याच घराची किल्ली?

मेकॅनिक : तुमच्याच घराची. त्या टेस्टरच्या शेजारी ठेवा. हं. आता जा.

*

काका : आलो.

मेकॅनिक : काय म्हणतोय वास?

काका : चांगला आहे. पहिल्या जिन्यापर्यंत येतोय. कांदा, मटण, थोडी मिरी. करपट काही नाही. दोनदा खात्री केली. वरच्या बाई उतरत होत्या. म्हणाल्या, काका, आज काय केलंय? मी म्हटलं, मी काहीच केलेलं नाही, तेच अवघड जातंय.

मेकॅनिक : त्याच ना, नळीवाल्या?

काका : त्याच. आठ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलल्या. नळी बदलली म्हणून सांगत होत्या.

मेकॅनिक : आठ महिन्यांत तुम्ही जिन्यात दिसलाच नसाल.

काका : नसेन. दूध दारात येतं. पेपर दारात येतो. औषधवाला फोन केला की येतो. त्या दिवसानंतर घर सोडून गेलो तो फक्त इथे, आणि तेही कुकर काखेत घेऊन.

मेकॅनिक : त्याने काय फरक पडतो?

काका : कुकर काखेत असला की घरी काही चालू नाही, याची खात्री असते.

मेकॅनिक : काका, म्हणजे तो बिघडला म्हणून तुम्ही तीनदा आलात की बाहेर पडायला निमित्त म्हणून?

काका : गाजर खरंच कच्चं होतं.

मेकॅनिक : हो, गाजरावर माझा विश्वास आहे. हे स्क्रू लावून देता का? लांबीप्रमाणे वेगळे करायचेत. बाबा गेल्यापासून ही पेटी अशीच पडलीय. त्यांना नुसता हात घालून हवा तो सापडायचा. मला रोज वेगळाच सापडतो.

काका : दे इकडे. डब्यांवर चिठ्ठ्या लावू?

मेकॅनिक : लावा. धोके सोडून काहीही लिहा त्यांच्यावर.

*

मुलगी : बाबा. तुम्ही इथे बसलाय.

काका : तू पाचला येणार होतीस. आता कुठे दोन वाजतायत.

मुलगी : आधीची गाडी मिळाली. म्हटलं, तुमची आवराआवर करायला हातभार लागेल. घरी गेले, बेल वाजवली, दार उघडेना. माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. तुम्ही नाही. एकाही खोलीत नाही. आणि ओट्यावर ते चालू. लाल दिवा लागलेला, घरात चिटपाखरू नाही.

काका : हो. मी लावला होता.

मुलगी : वरच्या बाई म्हणाल्या, दुरुस्तीच्या दुकानात असतील. मी सगळा जिना पळत उतरले. बाबा, पुन्हा तेच केलंत. शेगडी गेली तर कुकर. चालू ठेवायचं आणि निघून जायचं. आणि इथे येऊन तुम्ही स्क्रू मोजताय.

मेकॅनिक : मोजत नाहीत ताई, लावतायत. आणि त्यांना बाहेर पडायला मी सांगितलं.

मुलगी : तुम्ही कोण?

मेकॅनिक : तुम्ही पाठवलेल्या कुकरची डॉक्टर.

मुलगी : माणूस घरात नसताना चालू ठेवा, असं तुम्ही सांगितलंत? यांना? यांच्या घरात काय झालं होतं ते ठाऊक आहे का?

मेकॅनिक : ठाऊक आहे. सहा मिनिटांत आले.

मुलगी : याच्यात हसण्यासारखं काही नाही.

मेकॅनिक : नाही, मी हसत नाहीये. माझा चेहराच असा आहे. ताई, तो कुकर यासाठीच बनवलेला असतो. लोक कामावर जाताना लावून जातात. प्लग मी स्वतः तपासलाय, आणि काकांनी ओट्याच्या चारी बाजू हाताने मोजल्यात.

मुलगी : मी तो बंद केला.

काका : काय केलंस?

मुलगी : प्लग काढला. आधी झाकण उघडून आत पाहिलं, मग प्लग काढला.

मेकॅनिक : आधी झाकण, मग प्लग. रक्तातच आहे म्हणायचं.

काका : किती वाजता?

मुलगी : आत्ता. दहा मिनिटं झाली असतील. बाबा, माझं ऐका. हे असं नाही जमणार. मी रोज संध्याकाळी सहाला फोन करते, रोज. तुम्ही उचलत नाही. महिनाभर उचललेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फोन करून सांगता, मी बरा आहे. पण रात्रभर मी काय काय डोळ्यांसमोर आणते ते तुम्हाला कोण सांगणार? ऑफिसात माझं लक्ष नसतं. घरी असते तेव्हा मनाने इथे असते. तिथे खोली तयार आहे, माणसं आहेत. मला तुम्हाला ओढून न्यायची हौस नाही. मला फक्त सहा वाजता कोणीतरी फोन उचलायला हवंय.

काका : सहा वाजता मी भांड्याजवळ असतो. फोन बाहेरच्या खोलीत आहे.

मुलगी : भांड्याजवळ म्हणजे?

मेकॅनिक : ही त्यांची वही घ्या. खुणेची चिठ्ठी घातलेलं पान वाचा. शेवटून.

मुलगी : “सहा. फोन वाजला. मुलीचा असणार. उचलला नाही. भांडं एकटं सोडता येत नाही. सहा दहा. झाकण उघडलं. परिस्थिती नियंत्रणात.” बाबा, हे काय आहे?

काका : नोंद.

मुलगी : आदल्या दिवशीसुद्धा तेच लिहिलंय. त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा. मी फोन करत होते आणि तुम्ही दोन पावलांवर या भांड्याची राखण करत होतात.

काका : सात पावलं. दोन असती तर उचलला असता.

मेकॅनिक : महिनाभर दर दहा मिनिटांनी झाकण उघडत होते, ताई. डुलकी लागली तर प्लग काढून. म्हणून एक दिवस धड शिजलं नाही. आज पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे पाठ केली. मघाशी किल्ली काढून माझ्याकडे दिली. तिथे टेस्टरशेजारी आहे.

मुलगी : पण हे तेच झालं ना, बाबा? चालू ठेवून विसरलात.

काका : नाही.

मुलगी : नाही कसं?

काका : तू नीट ऐक. त्या दिवशी दूध ठेवलं आणि विसरलो. वर गेलो, बोलत बसलो, चाळीस मिनिटं मला दुधाची आठवणसुद्धा आली नाही. ते माझ्याकडून झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आज सकाळी नऊपासून तो कुकर माझ्या डोक्यातून एक मिनिट गेलेला नाही. विचार हिला. विसरणं वेगळं आणि सोडून येणं वेगळं. आज मी सोडून आलोय. मला येत नव्हतं ते. हिने शिकवलं.

मेकॅनिक : अजून कच्चे आहेत. पण सुरी थोडी आत जायला लागली आहे.

मुलगी : पाच तास तुम्ही इथे बसून आहात?

काका : पाच तास दहा मिनिटं. मध्ये एकदा वास घ्यायला गेलो, ती वीस मिनिटं धरायची नाहीत.

मेकॅनिक : तेवढ्यात तीन गिऱ्हाइकांना घाबरवलं, एकाला रडवलं आणि सगळ्यांनी पुन्हा येऊ म्हणून सांगितलं. मी परवापासून यांना इथे रोज सकाळी मागून घेणार होते. आता तुम्ही घेऊन चाललाय म्हणताय तर प्रश्नच मिटला.

काका : हे तू मला बोलली नव्हतीस.

मेकॅनिक : तुम्ही धोके मोजत होतात. मध्ये बोलायला फट नव्हती.

मुलगी : बाबा, आता त्या भांड्याचं काय? मी बिघडवलं का सगळं?

मेकॅनिक : दहा-पंधरा मिनिटांनी काही होत नाही. आत अजून चटका बसेल एवढं गरम आहे. पण आत्ताच्या आत्ता लावायला हवं. पाचच्या ऐवजी सहा होतील.

मुलगी : माझी परतीची गाडी सातची आहे. बाबांचं तिकीटसुद्धा काढलंय.

काका : सहाला जेवून सातची गाडी मिळते. ज्याला जायचंय त्याला.

मुलगी : मी जाते. लावून येते.

काका : प्लग पूर्ण आत दाब. झाकण नीट बसवून वरून हलकं दाब. आणि आत पाहू नकोस.

मुलगी : मी तिथेच थांबते ना त्यापेक्षा. कोणीतरी असेल तिथे.

काका : नको. परत इथे ये.

मुलगी : का?

काका : तू उघडशील.

*

मेकॅनिक : सहा वाजले. काका, उघडा आता. तुमचं घर, तुमचाच मान.

काका : हिला उघडू दे. सत्तेचाळीस वेळा मी उघडलंय.

मुलगी : बाबा, चष्म्यावर वाफ आली. काही दिसत नाही.

काका : रंग कोणता?

मुलगी : पांढरा.

मेकॅनिक : ताई, त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करायचं असतं. तळातून वाढा, गाजरं खाली आहेत. मला जरा जास्तच चालेल, दिवसभर नुसता वास ऐकलाय.

मुलगी : मटण हाडापासून सुटून आलंय. बाबा, पाणी कमीच वाटत होतं मला, पण रस केवढा झालाय.

काका : पाणी मटणाच्या गुडघ्यापर्यंत घालायचं.

मुलगी : कोणी सांगितलं?

काका : दुकानात सांगतात.

मेकॅनिक : मीठ थोडं कमी आहे.

काका : मीठ नंतर घालता येतं. आधीच जास्त झालं तर काढता येत नाही. लिहून ठेव.

मेकॅनिक : वही तुमच्याकडेच दिलीय परत.

काका : आज नाही लिहीत काही.

मुलगी : बाबा, हात का थांबवलात? खा ना. गरम आहे का?

काका : गरम नाही. महिनाभराने खातोय. जरा वेळ लागेल.

मुलगी : लागू द्या. साडेसहाच झालेत.

मेकॅनिक : स्टेशनला जायला पंचवीस मिनिटं धरा, ताई.

मुलगी : मी एकटीच जायचं तर पंधरा मिनिटं पुरतात. सामान नाही काही.

काका : त्या तिकिटाचं काय?

मुलगी : बघू. फोन कुठे हलवायचा ते सांगा आधी. या ओट्याजवळ नको, त्या खिडकीपाशी चालेल?

काका : चालेल. आणि सकाळी अकराच्या पुढे मी हिच्या दुकानात असेन. तो नंबरही घेऊन ठेव.

मेकॅनिक : पगाराचं विचारू नका, ताई. मी पोटभर जेवण मागणार आहे.

मुलगी : पुढच्या रविवारी मी पुन्हा येते. कुकर कधी लावाल?

काका : नऊला.

मुलगी : मग मी पाचच्या आधी येत नाही.